ईएम लॉक, एक्झिट बटण आणि फायर अलार्म : नियम नक्की काय सांगतात?

गच्चीवरचा :
नमस्कार मंडळी, एका ऑफिस बिल्डिंगची देखभाल बघायचं काम सध्या माझ्या गळ्यात आहे, सहा मजले, दोन जिने, लिफ्ट मधोमध, फायर अलार्म आधीपासून बसवलेला आहे आणि चालू आहे. आता मालकांना सगळीकडे ॲक्सेस कंट्रोल हवाय. वेंडरने जे प्रपोजल दिलंय त्यात प्रत्येक मजल्यावर लिफ्ट लॉबीतून आत जायच्या दोन्ही काचेच्या दारांना कार्ड रीडर आणि ईएम लॉक (विजेच्या चुंबकाचं कुलूप), दोन्ही जिन्यांच्या दारांना पण ईएम लॉक, तळमजल्याच्या मागच्या दाराला पण तेच, आणि वरून घुसखोरीचा अलार्म. दिसायला सगळं छान आहे पण काही गोष्टी घशाखाली उतरत नाहीयेत.

एक म्हणजे तो अभिमानाने सांगतो की आठ तासांचा बॅटरी बॅकअप देतो, लाईट गेली तरी एकही दार उघडणार नाही. मला हे ऐकून बरं वाटण्याऐवजी भीतीच वाटली. दुसरं, फायर अलार्मशी जोडणीचं विचारलं तर म्हणतो सॉफ्टवेअरमधून होईल, दोन्ही सिस्टिम नेटवर्कवर आहेत, फायर आलं की सर्व्हर सगळ्या दारांना ओपन कमांड देईल. तिसरं, एचआरला हजेरीसाठी बाहेर पडताना पण कार्ड लावायला हवंय, म्हणजे कार्ड नाही तर बाहेर नाही. आणि चौथं म्हणजे खर्च वाचवायला घुसखोरीचा अलार्म आणि फायर एकाच हूटरवर (भोंग्यावर) घेऊ म्हणतोय.

कोड, म्हणजे इमारतींच्या सुरक्षेचे नियम, यावर काय म्हणतो? मी इलेक्ट्रिकलचा माणूस नाही, पण सही माझी होणार आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कडीकोयंडा :
दारं आणि कुलपं हाच माझा धंदा, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सगळ्या कोडांचं मूळ एका वाक्यात आहे, आतल्या माणसाला बाहेर पडताना किल्ली, कार्ड, अवजार किंवा काही खास माहिती लागता कामा नये, आणि एकाच हालचालीत दार उघडलं पाहिजे. बाहेरून आत येणाऱ्याला तुम्ही हवं तेवढं अडवा, कार्ड लावा, बोट लावा, चेहरा दाखवा, कोडला त्याच्याशी घेणं नाही. लोक ही दोन कामं एकत्र करतात आणि मग घोळ होतो. एकदा हे डोक्यात बसलं की तुमच्या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं तुम्ही स्वतःच द्याल.

आता ईएम लॉक. त्याची गंमत अशी की त्यात हलणारा भाग काहीच नाही. चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी आर्मेचर प्लेट, करंट आहे तोवर चिकटलेलं, करंट गेला की सुटलं. म्हणजे तो जन्मजातच फेल सेफ. पण त्याच कारणाने आतून हँडल फिरवून तो उघडत नाही, हँडलचा आणि त्याचा संबंधच नसतो. इलेक्ट्रिक स्ट्राइक (कुलपाची जीभ जिच्यात अडकते ती चौकटीतली विजेची खाच) किंवा इलेक्ट्रिक मॉर्टाइज लॉकमध्ये (दाराच्या आत बसणारं कुलूप) आतलं हँडल यंत्राने थेट जिभेला जोडलेलं असतं, सगळी वायरिंग जळून गेली तरी आतून हँडल दाबलं की दार उघडणारच. म्हणून माझं वैयक्तिक मत, जिथे हँडलवाला लॉक बसू शकतो तिथे ईएम लॉक बसवूच नये. वेंडर तो बसवतात कारण चार स्क्रूत काम होतं आणि दाराला फार छेडावं लागत नाही.

ईएम लॉक बसवायचाच असेल तर एनएफपीए या अमेरिकन संस्थेच्या एनएफपीए १०१ मध्ये, म्हणजे लाइफ सेफ्टी कोडमध्ये, त्याला दोन सरळ रस्ते आहेत. पहिला, दाराकडे आतून माणूस येतोय हे ओळखणारा सेन्सर वर लावायचा, तो लॉक सोडतो. सेन्सरची पॉवर गेली तरी लॉक सुटलाच पाहिजे. त्याच्या जोडीला हाताने दाबायचं बटण हवंच हवं, दारापासून १५२५ मिमीच्या आत आणि जमिनीपासून १०१५ ते १२२० मिमी उंचीवर, त्यावर ढळढळीत अक्षरात बाहेर पडायला दाबा असं लिहिलेलं. दुसरा रस्ता, दारावर असा पॅनिक बार (ढकलायचा आडवा दांडा) किंवा हँडल ज्याच्या आतच स्विच असतो, माणूस नेहमीसारखं दार ढकलतो आणि ढकलताना लॉकचा करंट तुटतो. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो कारण घाबरलेला माणूस भिंतीवर बटण शोधत नाही, दारच ढकलतो.

जिन्याच्या दारांबद्दल वेगळं लिहितो, ते प्रकरण मोठं आहे.

अर्धवट_अभियंता :
वाचनखूण साठवली. कडीकोयंडा यांना +१, विशेषतः शेवटच्या वाक्याला.

सर्किट_तोडा :
धागाकर्ते, बॅटरीची भीती योग्य जागी वाटली पण कारण थोडं वेगळं आहे. ॲक्सेस कंट्रोलच्या सप्लायला बॅटरी लावायला कोड सरसकट नाही म्हणत नाही. प्रश्न असा आहे की फायरचा रिले, म्हणजे फायर अलार्म आला की करंट तोडणारा स्विच, कुठे बसवलाय.

साइटवर मी पाहिलेला सगळ्यात घातक प्रकार सांगतो. फायर पॅनेलचा रिले एसएमपीएसच्या (लॉकला करंट पुरवणाऱ्या पॉवर सप्लायच्या) इनपुटला, म्हणजे मेनच्या बाजूला टाकलेला असतो. फायर आली, रिलेने मेन तोडली, आणि त्याच क्षणी सप्लायमधली बॅटरी इमानदारीत कामाला लागली. दारं बंदच! कागदावर इंटरलॉक दिलेला, टेस्टमध्ये रिलेचा टक आवाज पण येतो, सगळे खूश. रिले कायम बॅटरीच्या पुढे, सप्लायचं आउटपुट आणि लॉक यांच्या मध्ये पाहिजे, म्हणजे तो सुटला की लॉकला मेनमधूनही मिळत नाही आणि बॅटरीतूनही नाही. तुमच्या वेंडरकडे वायरिंग डायग्राम मागा आणि या एका जागी बोट ठेवून विचारा, बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

सॉफ्टवेअरवाली जोडणी तर विसराच. सर्व्हर हँग, स्विच बंद, आयपी बदलला, विंडोज अपडेट चालू, काहीही होऊ शकतं आणि आगीच्या वेळी तर होणारच. फायर पॅनेलच्या मॉड्यूलमधून पोटेन्शियल फ्री कॉन्टॅक्ट (स्वतःचा करंट नसलेला नुसता स्विच) घ्यायचा, तारेने, आणि त्याने लॉकची पॉवर प्रत्यक्ष तुटली पाहिजे. एनएफपीए ७२, म्हणजे फायर अलार्मच्या कोडप्रमाणे, तो रिले ज्या सर्किटला तोडणार त्याच्या १ मीटरच्या आत असावा आणि पॅनेलपासून रिलेपर्यंतच्या तारेवर पॅनेलची नजर असावी, म्हणजे तार तुटली तर पॅनेलवर फॉल्ट दिसला पाहिजे, किंवा मग रचनाच अशी करा की तार तुटली की दार आपोआप उघडेल. सॉफ्टवेअरमधून लॉग घ्या, स्क्रीनवर लाल ठिपका दाखवा, त्याला कोण नाही म्हणतंय.

एक्झिट बटणाची पण हीच कथा. बटण कंट्रोलरच्या आरईएक्स (बाहेर पडायची विनंती) इनपुटला जोडतात, म्हणजे बटण दाबलं की कंट्रोलरला विनंती जाते की बाबा रे, दार उघड. कंट्रोलरचा मूड असेल तर उघडतो. कोडला अपेक्षित असलेलं बटण दोन कॉन्टॅक्टचं असतं, एक कंट्रोलरला कळवायला आणि दुसरा एनसी (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा), जो थेट लॉकच्या तारेत सिरीजमध्ये. दाबलं की कंट्रोलर जिवंत असो नसो, पॉवर तुटते, आणि निदान ३० सेकंद तुटलेली राहते. आता ३० सेकंद आणि कंट्रोलरवर अवलंबून नाही, या दोन्ही गोष्टी साध्या स्प्रिंगच्या बटणाला जमत नाहीत हे लक्षात घ्या, बोट काढलं की परत चिकटणार. टायमर बटणातच असलेला, न्यूमॅटिक किंवा इलेक्ट्रॉनिक, असा प्रकार मिळतो, तो मागा.

आणि त्या आठ तासांचं. साधारण मोठा ईएम लॉक १२ व्होल्टला अर्धा अँपिअर खातो. दोन लॉक आठ तास म्हणजे ८ एएच (अँपिअर-तास) झाले, आणि या बॉक्समध्ये सहसा ७ एएचची बॅटरी येते, शिवाय रीडर आणि कंट्रोलरचं खाणं वेगळंच. तेव्हा हा आठ तासांचा दावा पण एकदा कागदावर मांडून घ्या.

अवांतर : फायर पॅनेलच्या स्वतःच्या बॅटरीवर लॉक धरून ठेवायला एनएफपीए ७२ मध्ये मनाई आहे. अपवाद एवढाच की मेन गेल्यावर १० मिनिटांत दारं सुटतील अशी रचना असेल तर. ती बॅटरी फायरसाठी आहे, २४ तास शांत उभं राहून त्यानंतर ५ मिनिटं अलार्म वाजवायला, आणि बोलून सूचना देणारी सिस्टिम असेल तर १५ मिनिटं. कुलपं सांभाळायला नाही.

गच्चीवरचा :
बापरे, रिले मेनच्या बाजूला असण्याचा मुद्दा मला कधीच सुचला नसता. प्रपोजलमधलं ड्रॉइंग आत्ताच उघडून पाहिलं, त्यात फायर इनपुट असं लिहून एक बाण नुसता कंट्रोलरच्या चौकोनात घुसवलाय, रिले कुठेच दाखवलेला नाही.

हजेरीचं काय करायचं पण? एचआर ऐकायला तयार नाही. आणि जिन्याची दारं?

कडीकोयंडा :
हजेरीचं सोपं आहे. बाहेर पडायच्या बाजूला पण रीडर लावा, लोक रोज कार्ड लावतील, नोंद होईल. पण कार्ड न लावता हँडल दाबलं किंवा बार ढकलला तरी दार उघडलंच पाहिजे. फार तर अशा वेळी दारावरचा बारका बझर वाजू दे आणि सिस्टिममध्ये नोंद होऊ दे, दुसऱ्या दिवशी एचआरने त्या माणसाला विचारावं. हजेरी हा शिस्तीचा प्रश्न आहे, तो कुलपाने सोडवायचा नसतो. एचआरने फारच हट्ट धरला तर त्यांना २५ मार्च १९११ ची न्यूयॉर्कमधली ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची आग वाचायला द्या. नवव्या मजल्यावरचं एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं, कामगार जाताना माल चोरतील, त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात म्हणून. १४६ माणसं गेली. आजच्या लाइफ सेफ्टी कोडचं घराणं त्या आगीनंतर एनएफपीएने १९१३ साली नेमलेल्या समितीपासून सुरू होतं.

आता जिने. जिन्याचं दार हे दोन बाजूंचं प्रकरण आहे. मजल्यावरून जिन्यात जाताना, तिथे कुलूप नकोच, नुसतं हँडल किंवा पॅनिक बार. जिन्यातून परत मजल्यावर येताना, तिथे लोक कार्ड लावतात कारण त्यांना बाहेरच्या माणसाने जिन्यातून वर येऊन ऑफिसात शिरायला नकोय. ही काळजी रास्त आहे. पण विचार करा, माणूस सहाव्यावरून उतरतोय, तिसऱ्यावर धूर जिन्यात शिरलाय, त्याला परत फिरून पाचव्यावर आत घुसायचंय आणि दार बंद. म्हणून पाच किंवा जास्त मजल्यांच्या जिन्याला पुनर्प्रवेशाची अट आहे, एकतर दारं जिन्याच्या बाजूने उघडी ठेवा, नाहीतर फायर अलार्म वाजताच सगळी आपोआप अनलॉक झाली पाहिजेत. ठरावीक मजल्यांवरच आत येता येईल अशीही एक सवलत आहे पण तिच्या अटी मोजताना दमाल. तुमचे सहा मजले, म्हणजे अट लागू धरा. आणि जिन्यातून तळमजल्यावर बाहेर पडायचं दार जिन्याच्या बाजूने कधीच, कुठल्याही परिस्थितीत बंद नसणार.

इथे खरी मेख पुढे आहे. जिन्याचं दार फायर डोअर असतं. फायर डोअरने आगीत बंद राहून जिभेने अडकलेलं असलं पाहिजे, कारण आगीचा दाब दाराला ढकलतो. नुसता ईएम लॉक असेल तर फायर आली, पॉवर तुटली, दार सुटलं आणि ढकललं की झुलायला लागलं, म्हणजे जिन्यात धुराला आमंत्रण. आणि फेल सेफ इलेक्ट्रिक स्ट्राइक पण इथे चालत नाही, कारण पॉवर गेली की त्याचा ओठ मोकळा होतो आणि जीभ कशातच अडकत नाही. म्हणून तिथे फेल सेफ इलेक्ट्रिक मॉर्टाइज लॉक लागतो, ज्यात पॉवर गेली की जिन्याच्या बाजूचं हँडल मोकळं होतं पण जीभ जागेवर अडकलेलीच राहते. अनलॉक आणि अनलॅच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेंडरला हा फरक विचारून बघा, तोंडाकडे बघत बसला तर काय ते समजा.

आणि हो, फायर डोअरला साइटवर ड्रिल मारून वायरसाठी लांब पोकळी पाडू देऊ नका. पृष्ठभागावर बसणाऱ्या वस्तूंचे बारके छेद चालतात, आतून वायर न्यायची असेल तर ते काम दार बनवणाऱ्याकडून लेबलसकट करून घ्यायचं असतं. मी अशी दारं पाहिलीत ज्यांच्या मधोमध अंगठा जाईल एवढं भोक आणि त्यात कापूस कोंबलेला. ते दार आता फायर डोअर नाही, नुसतं दार आहे.

दारवान :
सगळं वाचलं, सगळं पटलं, पण सिक्युरिटीच्या बाजूने पण कोणीतरी बोललं पाहिजे ना. तुम्ही लोक सगळी दारं उघडी टाकायला सांगता, आणि मग कोणीतरी कॉल पॉइंट (फायर अलार्म हाताने वाजवायची भिंतीवरची काच) फोडतो, सगळी दारं सुटतात, आणि तो सर्व्हर रूममधून हार्ड डिस्क घेऊन चालता होतो. हे सिनेमातलं नाही, अशा गोष्टी घडतात. मागच्या दाराचं तर विचारूच नका, लोक सिगरेटला जातात आणि विटेने अडकवून ठेवतात.

सर्किट_तोडा :
दारवान, मुद्दा बरोबर आहे पण उत्तर पण कोडमध्येच आहे.

एक, सेन्सरवाल्या रचनेत डिटेक्टरने किंवा स्प्रिंकलरने अलार्म दिला की दारं सुटलीच पाहिजेत, पण हाताने दाबायच्या कॉल पॉइंटने सुटलीच पाहिजेत अशी सक्ती एनएफपीए १०१ मध्ये नाही. त्यामुळे काच फोडून आत शिरायचा डाव जमणार नाही असं प्रोग्रॅमिंग करता येतं, अर्थात तुमच्या इथला फायर अधिकारी मान्य करत असेल तरच, शेवटचा शब्द त्याचा. कॉल पॉइंटवर पारदर्शक झाकण लावा, उचललं की तिथल्या तिथे किंचाळतं, टवाळखोर तिथेच थांबतात.

दोन, सर्व्हर रूमला खुशाल फेल सिक्युअर स्ट्राइक लावा. फेल सिक्युअर म्हणजे आतला माणूस अडकला असं नाही! पॉवर गेल्यावर बाहेरून बंद राहतं, आतून हँडलने उघडतं. ही गैरसमजूत इतकी पसरलीय की काही लोक सर्व्हर रूमला पण ईएम लॉक लावतात आणि मग लाईट गेली की ती खोली सताड उघडी. फायरमध्ये बाहेरची दारं सुटू देत, महत्त्वाचा माल आतल्या दुसऱ्या कुंपणात ठेवा.

दारवान :
हां, हे फेल सिक्युअरचं माझ्याही डोक्यात उलटंच बसलं होतं. आणि मागच्या दाराचं?

कडीकोयंडा :
मागच्या दाराला डिलेड एग्रेस नावाचा प्रकार आहे, तो बघा. बार ढकलला की लगेच अलार्म वाजायला लागतो आणि १५ सेकंदांनी दार सुटतं, फायर अधिकाऱ्याने मान्य केलं तर ३० पर्यंत. दारावर पाटी लागते की अलार्म वाजेपर्यंत ढकला, १५ सेकंदांत दार उघडेल. फायर अलार्म वाजला किंवा पॉवर गेली तर हे थांबणं रद्द, तत्काळ उघडणार. आणि एकदा सुटलं की परत लावायचं काम माणसाने जागेवर येऊन हातानेच करायचं. तेवढ्या वेळात गार्ड पोचतो किंवा कॅमेऱ्यात चेहरा तरी येतो. पण बिल्डिंगभर स्प्रिंकलर किंवा मान्य डिटेक्शन असल्याशिवाय हे लावता येत नाही आणि सभागृह, थिएटर अशा गर्दीच्या जागी साधारणपणे चालत नाही. विटेवर उपाय, दार जास्त वेळ उघडं राहिलं की वाजणारा बझर. वीट ठेवणाऱ्याला तो ऐकू येईल एवढा मोठा लावा.

नियमावली :
थोडी भर. वर सगळे एनएफपीए धरून बोलतायत, तुमच्याकडे कदाचित दुसरा कोड लागू असेल, आधी ते तपासा, कारण आकडे बदलतात, तत्त्व बदलत नाही. युरोपीय पद्धतीत ईएन १७९ म्हणजे रोजच्या माहितीच्या लोकांसाठीचं इमर्जन्सी हँडल, ईएन ११२५ म्हणजे जिथे अनोळखी लोकांची गर्दी असते तिथला आडवा पॅनिक बार, आणि विजेवर चालणाऱ्या एक्झिटच्या कुलपांसाठी ईएन १३६३७. फायर अलार्मची उपकरणं ईएन ५४ मालिकेत, घुसखोरीचा अलार्म ईएन ५०१३१ मध्ये, त्यात १ ते ४ अशा ग्रेड असतात. ब्रिटिश पद्धतीत फायर अलार्मने दारं सोडण्याचं वेगळं मानक आहे, बीएस ७२७३ भाग ४. तिथे दाराशेजारी हिरवा ब्रेक ग्लास दिसतो, तो लॉकच्या तारा प्रत्यक्ष तोडतो. फायर अलार्मचा लाल आणि हा हिरवा शेजारी शेजारी असतील तर लोक गडबडीत चुकीचा फोडतात, म्हणून दोन्हींच्या वर मोठी पाटी लावा.

उपकरणं घेताना ॲक्सेस कंट्रोलला यूएल या तपासणी संस्थेचा यूएल २९४ आणि इलेक्ट्रिक लॉकला यूएल १०३४ हे शिक्के बघतात. नुसतं स्टिकर नको, मॉडेल नंबर लिस्टिंगमध्ये आहे का ते बघा.

तुमचा चौथा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून. एका पॅनेलवर फायर आणि घुसखोरी घ्यायला एनएफपीए ७२ मध्ये बंदी नाही, पण फायरला कायम प्राधान्य, आवाज वेगळा ओळखू आला पाहिजे, आणि चोराच्या अलार्मच्या बाजूला शॉर्ट झाला म्हणून फायरचं काम बिघडता कामा नये. फायरचा आवाज ठरलेला आहे, अर्ध्या सेकंदाचे तीन ठोके, मध्ये अर्ध्या सेकंदाची गॅप, मग दीड सेकंद शांतता, परत तीन. चोराच्या अलार्मला तोच हूटर तसाच वाजवलात तर लोक रात्रीच्या चुकीच्या अलार्मना इतके सरावतील की खऱ्या आगीत जागचे हलणार नाहीत. वेगळा हूटर घ्या, तिथे पैसे वाचवू नका. नेहमीच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर, आणि ११० च्या वर मात्र कुठेच नाही, कान जातात.

अर्धवट_अभियंता :
मला एक शंका. लिफ्ट लॉबीच्या दोन्ही काचेच्या दारांना लॉक आहे म्हणताय, जिने कुठे आहेत? लॉबीतून थेट जिन्यात जाता येतं का, की ऑफिसातून जावं लागतं?

गच्चीवरचा :
ऑफिसातून. दोन्ही जिने मजल्याच्या दोन टोकांना आहेत, लॉबी मधे.

अर्धवट_अभियंता :
मग हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे की! संध्याकाळी सात वाजता एखादा पाहुणा किंवा सफाई कामगार लिफ्टने चौथ्यावर उतरला, त्याच्याकडे कार्ड नाही, दोन्ही काचेची दारं बंद, आणि फायरमध्ये लिफ्ट तळमजल्याला जाऊन उभी. तो त्या काचेच्या खोक्यात अडकला. कडीकोयंडा, बरोबर बोलतोय ना?

कडीकोयंडा :
शंभर टक्के, आणि माझ्या नजरेतून हे सुटलं होतं. लॉबीतून निदान एका जिन्यापर्यंत वाट मोकळी हवी, हा नियम आहे आणि भाड्याच्या ऑफिसांमध्ये सगळ्यात जास्त मोडला जाणारा हाच. एनएफपीए १०१ मध्ये लॉबीच्या दारांना कुलूप घालायची एक खास तरतूद आहे, पण अटी भरपूर, स्प्रिंकलर, लॉबीत स्मोक डिटेक्टर, फायर अलार्मने सुटणं, पॉवर गेल्यावर सुटणं, लॉबीतून कोणाशी तरी बोलता येईल अशी दुतर्फा सोय आणि त्या टोकाला प्रशिक्षित माणूस. एवढं करण्यापेक्षा साधा उपाय, एका बाजूच्या काचेच्या दाराला लॉबीच्या बाजूने पण बटण आणि सेन्सर देऊन जिन्यापर्यंतचा पॅसेज मोकळा ठेवायचा आणि कार्डचं दार पॅसेजच्या आत एक पाऊल ढकलायचं. पार्टिशन थोडं हलवावं लागेल, आर्किटेक्टला बोलवा.

गच्चीवरचा :
वेंडरशी बोललो. रिलेच्या जागेवर बोट ठेवून विचारलं, आधी म्हणाला सगळीकडे असंच करतो, मग त्याच्या इंजिनिअरला फोन लावला, आणि इंजिनिअर म्हणाला आउटपुटला घेऊ, खर्च विशेष नाही. लॉबीच्या प्रश्नावर मात्र दोघंही गप्प. आर्किटेक्टची वेळ घेतलीय. जिन्याला मॉर्टाइज लॉकचं नवीन कोटेशन मागवलंय, मजल्याच्या बाजूने काहीच नाही, जिन्याच्या बाजूने रीडर. एचआर ठीक आहे म्हणाले, नाराजीने.

आता काम झाल्यावर टेस्ट कशी घ्यायची तेवढं सांगा, म्हणजे हँडओव्हरच्या कागदावर मी डोळे मिटून सही करणार नाही.

सर्किट_तोडा :
प्रत्येक दारावर, नमुन्याला एकदोन दारं घेऊन नाही. आधी मेन बंद करून बॅटरीवर चालू आहे तसं ठेवा आणि मग डिटेक्टरला टेस्टचा धूर द्या, दारं सुटली पाहिजेत. बरेच वेंडर मेन चालू ठेवून टेस्ट दाखवतात, वर सांगितलेला रिलेचा घोळ त्यात दिसतच नाही. मग कंट्रोलरचा फ्यूज काढा, मेलेला कंट्रोलर, आणि बटण दाबा, दार सुटतं का आणि ३० सेकंद सुटलेलं राहतं का, घड्याळ लावून बघा. मग पॅनेलवर हूटर सायलेन्स करा. नुसता आवाज बंद केल्यावर दारं परत लॉक झाली तर प्रोग्रॅमिंग चुकलंय, फायर पॅनेल माणसाने रिसेट करेपर्यंत दारं सुटलेलीच राहिली पाहिजेत. मग पॅनेलपासून रिलेपर्यंतची तार एका टोकाला सोडवा, पॅनेलवर फॉल्ट यायला हवा नाहीतर दार उघडायला हवं, दोन्हींपैकी काहीच झालं नाही तर तिथेच थांबा.

लॉकच्या टर्मिनलवर डायोड किंवा त्यासारखं सप्रेशन आहे का तेही बघा. कॉइलची पॉवर तुटताना उलटा झटका येतो, सप्रेशन नसेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट हळूहळू जळतात आणि एक दिवस चिकटून बसतात. मग रिले सुटतो पण पॉवर सुटत नाही. हे पहिल्या टेस्टला कधीच सापडत नाही, म्हणून ही टेस्ट दरवर्षी परत घ्यायची.

कडीकोयंडा :
आणि जिन्याच्या दारांना पॉवर काढून दार थोडं उघडून सोडून द्या, हात न लावता. क्लोजरने (दार आपोआप बंद करणाऱ्या यंत्राने) ओढून जीभ खट्ट अडकली पाहिजे. अर्ध्यावर रेंगाळलं तर क्लोजर आवळा. दाराच्या कडेची फट ३ मिमीच्या आसपास असावी, खालची १९ मिमीपेक्षा जास्त नको, नवीन लॉक बसवताना दार उतरवून परत चढवलं की या फटी हमखास बिघडतात.

दारवान :
घुसखोरीच्या अलार्मसाठी पीआयआर (उष्णतेवरून माणसाची हालचाल ओळखणारा सेन्सर) लावताना तो एसीच्या झोताकडे किंवा ऊन येणाऱ्या काचेकडे तोंड करून लावू देऊ नका. आणि आतला एक्झिट सेन्सर फक्त दारासमोरच बघेल असा तिरका लावून घ्या, नाहीतर पॅसेजमधून कोणीही गेलं की दार सुटणार, आणि बाहेर उभा असलेला माणूस त्याचीच वाट बघत असतो.

गच्चीवरचा :
सगळ्यांचे आभार. टेस्टच्या दिवशी इंजिनिअरला फ्यूज काढायला सांगितलं तर काय म्हणतो ते इथे लिहितो.